बागकाम : वारसा आणि नवजीवन

बागकाम म्हणजे माती, पाणी, बी आणि वेळ यांच्या जोरावर झाडं वाढवणं, खरं तर एवढी व्याख्या पुरते. पण या कामाला सांस्कृतिक वारसाही मानतात आणि इथे जरा गंमत आहे, कारण किल्ला किंवा पुतळा जपायचा म्हणजे तो आहे तसा ठेवायचा, बाग मात्र आहे तशी सोडून दिली की दोन-तीन वर्षांत तिचं रान होतं. म्हणजे बाग टिकवायची तर ती सारखी नव्याने लावत राहावी लागते.

ही अडचण कागदावर नीट आली ती १९८१ साली. इटलीतल्या फ्लॉरेन्स शहरात ऐतिहासिक बागांच्या जतनासाठी एक सनद तयार झाली, तिच्यात बागेला 'जिवंत स्मारक' म्हटलंय आणि बाग मुळात झाडांची असते म्हणून ती नाशवंत आहे पण पुन्हा उभीही करता येते, हे सरळ मान्य केलंय.

इटलीतलंच पादुआ घ्या. तिथली विद्यापीठाची बाग १५४५ची, शिकणाऱ्यांना औषधी वनस्पती नीट ओळखता याव्यात म्हणून काढलेली, १९९७ पासून युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आहे. गोलाच्या आत चौकोन हा मूळ आराखडा अजून ओळखू येतो पण आतली झाडं कितीदा बदलली असतील कोण जाणे. १५८५ साली लावलेलं एक पाम मात्र अजून उभंय, जर्मन कवी ग्यॉटे ते बघून गेला म्हणून त्याला त्याचंच नाव पडलं (लावणाऱ्याचं नाही!). इराणमधल्या पाटाच्या पाण्यावरच्या चारबागा (चार भागांत आखलेल्या बागा) आणि चीनमधल्या सुझोऊच्या बागाही याच यादीत आहेत.

पण वारसा म्हणजे फक्त राजेरजवाड्यांच्या बागा असं समजायचं कारण नाही, माझ्या मते खरा वारसा कलमात आणि बियांत आहे. सफरचंदाचं बी पेरलं तर मूळ झाडासारखं फळ मिळत नाही, कारण त्या बीत दुसऱ्याच जातीच्या परागाचाही वाटा असतो. म्हणून आवडलेली जात टिकवायची तर तिची काडी दुसऱ्या खुंटावर बांधायची, साल आणि लाकडाच्या मधला हिरवट थर एकमेकांना चिकटला की कलम जगलं. इंग्लंडमधलं ब्रॅम्ली नावाचं आंबट सफरचंद असंच टिकलंय. १८०९ साली साउथवेल गावात मेरी ॲन ब्रेल्सफर्ड नावाच्या मुलीने बी लावलं, त्यातून हे झाड आलं, नाव मात्र पडलं ते नंतर ते घर विकत घेणाऱ्या खाटकाचं. मूळ झाडाला पुढे बुरशीने पोखरलं तरी काळजी नव्हती, कारण जगात जिथे जिथे ब्रॅम्ली आहे ते याच एका झाडाचे तुकडे आहेत, हातातून हातात गेलेले.

बियांचं वेगळं असतं, वाळवून थंड ठेवल्या तर वर्षानुवर्षं टिकतात पण उगवण्याची ताकद हळूहळू कमी होत जाते, त्यामुळे बीज बँकेलाही अधूनमधून बी पेरून नवं बी धरावं लागतं. दुसऱ्या महायुद्धात रशियातल्या लेनिनग्राडला (आताचं सेंट पीटर्सबर्ग) वेढा पडला तेव्हा तिथल्या बीज संस्थेतले काही शास्त्रज्ञ उपासमारीने मेले पण समोर असलेल्या धान्याच्या आणि बटाट्याच्या संग्रहाला त्यांनी हात लावला नाही. यावर आणखी काय बोलणार.

नवजीवन हा शब्द जड वाटत असेल तर कंपोस्टचा ढीग बघावा. वाळका पाला आणि ओला कचरा असा मिसळायचा की कार्बन (तो वाळक्या पाल्यात जास्त) २५ ते ३० भाग आणि नायट्रोजन (तो ओल्या कचऱ्यात जास्त) १ भाग पडेल, मग जंतू कामाला लागतात आणि ढीग आतून ५५ ते ६५ अंशांपर्यंत तापतो. ओला कचरा जास्त झाला की घाण वास येतो, एवढी खूण लक्षात ठेवली तरी काम भागतं.

माणसाला बरं वाटतं त्याचं काय? १९८४ मध्ये रॉजर उलरिक या संशोधकांनी पित्ताशयाचं ऑपरेशन झालेल्या ४६ पेशंटांची तुलना छापली. ज्यांच्या खिडकीतून झाडं दिसायची ते विटांची भिंत दिसणाऱ्यांपेक्षा थोडे लवकर घरी गेले आणि त्यांना कडक वेदनाशामकंही कमी लागली. बागकामाचे फायदे सांगताना हा अभ्यास सर्रास पुढे केला जातो, पण त्यातल्या एकाही पेशंटने खुरपं हातात धरलं नव्हतं, ते पलंगावर पडून नुसते बघत होते.