एमएचटी-सीईटीचा अर्ज भरताय? दाखल्यांची तयारी आत्ताच करा

दरवर्षी काही पालक निकालानंतर विचारतात, "फॉर्म तर भरला होता, मग यादीत नाव का नाही?" त्यांनी भरलेला असतो तो एमएचटी-सीईटीचा, म्हणजे अभियांत्रिकी, फार्मसीसारख्या अभ्यासक्रमांच्या राज्य प्रवेश परीक्षेचा अर्ज. प्रवेशाचा, म्हणजे कॅपचा (केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेचा), अर्ज निकालानंतर पुन्हा वेगळा भरावा लागतो. दोन्ही राज्य सीईटी कक्षामार्फतच होतात, म्हणून गोंधळ होतो.

परीक्षा दोन गटांत होते. अभियांत्रिकीसाठी पीसीएम (भौतिक, रसायन, गणित). फार्मसीला पीसीएम किंवा पीसीबी (गणिताऐवजी जीवशास्त्र), दोन्ही चालतात. एमबीबीएससाठी मात्र नीट ही देशपातळीवरची वेगळी परीक्षाच लागते. प्रत्येक गट २०० गुणांचा असतो आणि वेळ तीन तास. पीसीएममध्ये गणिताचे ५० प्रश्न प्रत्येकी २ गुणांचे, तर भौतिक आणि रसायनचे ५०-५० प्रश्न १ गुणाचे. म्हणजे निम्मे गुण एकट्या गणिताचे. चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत, त्यामुळे एकही प्रश्न कोरा सोडू नका.

निकाल पर्सेंटाइलमध्ये लागतो आणि तिथेच घराघरात गैरसमज होतो. समजा, तुमच्या सत्रात १०,००० जण बसले, तुम्हाला १२० गुण पडले आणि तुमच्याइतके किंवा त्याहून कमी गुण ९,२०० जणांना (तुम्ही धरून) आहेत. तर तुमचं पर्सेंटाइल ९२. टक्के काढले तर ते ६०च भरतात.

अभियांत्रिकीच्या पात्रतेसाठी बारावीला भौतिकशास्त्र आणि गणित हवं आणि ठरलेल्या विषयांत मिळून ४५ टक्के गुण हवेत. राज्यातल्या मागास प्रवर्गांना ४० टक्के पुरतात. सीईटी कितीही चांगली गेली तरी ही अट सुटत नाही.

आता कागदपत्रं. परीक्षेच्या अर्जाला फोटो, सही आणि ओळखपत्र लागतं. नाव दहावीच्या गुणपत्रिकेवर आहे तसंच, त्याच क्रमाने लिहा. गुणपत्रिकेवर आडनाव आधी आणि आधारवर शेवटी, एवढ्यानेही पुढे खुलासे देत बसावं लागतं.

खरी धावपळ कॅपच्या वेळी होते. दहावी-बारावीच्या गुणपत्रिका, शाळा सोडल्याचा दाखला आणि अधिवास प्रमाणपत्र सगळ्यांनीच तयार ठेवावं. आरक्षण घ्यायचं असेल तर जातीचा दाखला आणि जात वैधता प्रमाणपत्र (तो दाखला पडताळून खरा ठरल्याचं प्रमाणपत्र) लागतं. ओबीसी, व्हीजेएनटी (विमुक्त जाती-भटक्या जमाती), एसबीसी (विशेष मागास प्रवर्ग) यांना नॉन-क्रिमिलेअर, म्हणजे उन्नत गटात मोडत नसल्याचं प्रमाणपत्रही हवं, तेही प्रवेशाच्या शैक्षणिक वर्षातल्या ३१ मार्चपर्यंत वैध असलेलं. जुनं प्रमाणपत्र फाइलमध्ये आहे म्हणून निश्चिंत राहू नका, त्यावरची तारीख आजच बघा.

सगळ्यात जास्त वेळ जातो जात वैधतेला. जात पडताळणी समिती वडील-आजोबांच्या शाळेतल्या जुन्या नोंदी मागते, आणि आजोबांच्या दाखल्यासाठी गावच्या शाळेत दोन-तीन हेलपाटे होतातच. म्हणून अकरावीतच कॉलेजमध्ये चौकशी करा आणि बारावीला गेल्या गेल्या वैधतेचा अर्ज टाका. या अर्जाच्या नुसत्या पावतीवर काही वर्षी प्रमाणपत्र नंतर देण्याची मुदत मिळाली आहे, पण यंदाही मिळेल असं धरून चालू नका.