नेटफ्लिक्स आणि चाळीस डॉलरचा दंड

उद्योजकतेच्या प्रत्येक भाषणात ही गोष्ट येतेच: रीड हेस्टिंग्जने 'अपोलो १३'ची कॅसेट उशिरा परत केली, दुकानदाराने ४० डॉलर दंड लावला आणि त्या संतापातून नेटफ्लिक्स जन्माला आली. गोष्ट झकास आहे. स्वतः हेस्टिंग्जही ती सांगत असत. पण सहसंस्थापक मार्क रँडॉल्फ यांनी ती सोयीसाठी रचलेली असल्याचं उघड सांगितलं आहे.

खरा प्रकार बराच कंटाळवाणा. १९९७ साली हे दोघे कॅलिफोर्नियात एकाच गाडीने कामावर जात. वाटेत रँडॉल्फ एकेक कल्पना मांडायचे, हेस्टिंग्ज ती खोडून काढायचे. व्हिडिओ कॅसेट टपालाने पाठवायची कल्पनाही अशीच बाद झाली. कॅसेट जड, खर्च परवडेना. मग डीव्हीडी आली. चकती पाकिटात तगते का, हे बघायला त्यांनी एक सीडी साध्या टपालाने हेस्टिंग्ज यांच्या घरी पाठवली. ती धड पोचली!

गंमत पुढेच आहे. एप्रिल १९९८मध्ये सुरू झालेली नेटफ्लिक्स दर डीव्हीडीमागे भाडं घ्यायची, परतीची मुदतही असायची. वर डीव्हीडी विकायचीसुद्धा, आणि सुरुवातीची बरीचशी कमाई त्या विक्रीतूनच होती. दंडाच्या चिडीतून कंपनी निघाली असती, तर मुदत पहिल्याच दिवशी गेली असती ना? मुदतीची अट नसलेली मासिक वर्गणी आली १९९९मध्ये, बाकीचे प्रयोग फसत गेल्यावर.