घर अंगावर पडलेल्या थोरलीची कादंबरी : पार्श्वभूमी

घरावर संकट येतं आणि थोरल्या मुलीला सगळं निभावून न्यावं लागतं, हे कथानक बालसाहित्यात एकोणिसाव्या शतकातच रुळलं. तेव्हाच्या बहुतेक पुस्तकांचा साचा एकच: मुलीने निमूट सोसायचं आणि शेवटी श्रीमंत नातलगाने किंवा अचानक मिळालेल्या वारशाने सगळं सावरायचं. १९०६ सालच्या एका इंग्रजी कादंबरीत एक वेगळी गोष्ट दिसते. वडील घरातून का नाहीसे झाले, हे थोरलीला जुन्या वर्तमानपत्राच्या एका पानावरून कळतं. त्यांना पाच वर्षांची सक्तमजुरी झालेली असते. ती आईजवळ विषय काढते, पण धाकट्यांना कळू देत नाही. शेवट मात्र जुन्याच वळणाचा आहे. वडील निर्दोष ठरतात, आगगाडीतून उतरतात आणि पोरीचं ओझं एका क्षणात उतरतं.

या सगळ्या पुस्तकांत आईबापांचा दोष नसतो. मरण, खोटा आरोप, बुडालेला व्यवसाय, सगळं बाहेरून आलेलं. १९६० च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेत हे बदललं. घटस्फोट, दारू, मानसिक आजार हे विषय मुलांच्या पुस्तकांत उघडपणे येऊ लागले आणि मोठी माणसं जिवंत असूनही घर सांभाळू शकत नाहीत, असं लिहिता येऊ लागलं. त्याच सुमारास कुटुंबांवर उपचार करणारे तज्ज्ञही आईबापांची भूमिका निभावणाऱ्या मुलांबद्दल लिहू लागले होते. अशा मुलांचं कौतुक करून थांबायचं नाही, त्यांचं काय हरवतं तेही पाहायचं, ही दृष्टी तिथून पुढे कादंबऱ्यांतही दिसते.

१९६९ सालच्या एका कादंबरीतली चौदा वर्षांची मुलगी वडिलांचा मृत्यू जगापासून लपवते. धाकट्या भावाला सोबत घेऊन ती त्यांना डोंगरावर पुरते, आणि औषधी मुळ्या-पानं गोळा करून, विकून घर चालवते. कुणाला कळलं तर भावंडांना अनाथालयात टाकतील, ही तिची भीती. भीती खरी आहे, म्हणूनच तिचं खोटं बोलणं वाचकाला खटकत नाही. वडिलांना दिलेला एक शब्द मात्र तिला अखेर मोडावा लागतो, आणि हट्टाने पाळलेलं वचनही कधी घराच्या मुळावर येतं हे लेखक तिला शिकवतात.

खरा वाद १९८० च्या दशकात आहे आणि तो शेवटाबद्दलचा आहे. १९८१ च्या एका अमेरिकन कादंबरीत आई चार मुलांना पार्किंगमध्ये गाडीत बसवून निघून जाते. तेरा वर्षांची थोरली खिशातले पैसे पुन्हा पुन्हा मोजत, धाकट्या तिघांना घेऊन मैलोन्‌मैल पायी चालते आणि अखेर एका तुसड्या आजीच्या दारात पोचते. इथवर तिच्या हिमतीला तोड नाही. १९८२ मध्ये आलेला दुसरा भाग पुढच्या वर्षी अमेरिकेतल्या बालसाहित्याच्या मोठ्या पुरस्काराचा मानकरी ठरला. त्यात आजी मुलांना कायदेशीर दत्तक घेते, मानी स्वभावाला मुरड घालून सरकारी मदतही स्वीकारते, आणि थोरलीला हळूहळू पकड सैल करावी लागते. भावंडांचे निर्णय आता तिच्या एकटीचे राहत नाहीत.

आक्षेप असा की जिने एकटीच्या बळावर सगळ्यांना तारलं, तिच्या हातून सूत्रं काढून घेणं म्हणजे तिच्या कर्तबगारीवर पाणी टाकणं. मला तो पटत नाही. १९०६ च्या कादंबरीत वडील घरी येतात तेव्हा ओझं आपोआप उतरतं, मुलीला काहीच करावं लागत नाही. इथे मात्र तिला ते स्वतः खाली ठेवावं लागतं, आणि जिला एकदा मोठ्या माणसाने सोडून दिलंय तिच्यासाठी चालत आलेल्या वाटेहून हे कठीण आहे. आजीवर विश्वास टाकण्याचं हे काम लेखिकेने घाईत उरकलं नाही, त्याला अख्खं पुस्तक दिलं. या प्रकारच्या लेखनातला तो सर्वांत धाडसी निर्णय होता असं मला वाटतं.

त्यानंतरची वाट वेगवेगळ्या दिशांनी गेली. १९९० च्या दशकात ब्रिटनमध्ये आजारी पालकांची काळजी घेणाऱ्या मुलांचा प्रश्न संशोधनात आणि धोरणात पुढे आला. १९९९ सालच्या एका ब्रिटिश कादंबरीत आईच्या मनाच्या आजाराशी दोन बहिणी झगडतात, आणि थोरली कंटाळून घर सोडते. ती सगळं निभावत नाही, तरी पुस्तक तिला दोषी ठरवत नाही. २००० मध्ये तालिबानच्या राजवटीतल्या काबूलची गोष्ट आली. वडिलांना पकडून नेल्यावर अकरा वर्षांची मुलगी केस कापून मुलाच्या वेशात बाजारात बसते आणि लोकांची पत्रं वाचून देत कमावते. तिथे दोष पुन्हा घराबाहेर आहे, पण बाहेरून कुणी सोडवायला येणार या भरवशावर ती बसत नाही.

इंग्लंडमध्ये २०१४ च्या कायद्याने अशा काळजीवाहू मुलांच्या गरजा तपासण्याची जबाबदारी स्थानिक प्रशासनावर टाकली. कादंबऱ्यांतल्या मुली मात्र अजूनही बहुतेक वेळा प्रशासनापासून लपतच असतात, कारण मदत मागितली तर भावंडांची ताटातूट होईल ही १९६९ ची भीती त्यांच्या मनातून गेलेली नाही.