हिजी-आते

ओकिनावा कराटेतील कोपराचा मारा. जपानच्या मुख्य भूमीवर वाढलेल्या शोतोकान शाखेत यालाच एम्पी म्हणतात. प्रतिस्पर्धी हाताने धरता येईल इतका जवळ आला, की मूठ ताणायला जागा उरत नाही. हिजी-आते त्या अंतरासाठी आहे.

हात पूर्ण दुमडल्यावर माऱ्याचा पल्ला जेमतेम दंडाएवढा राहतो आणि जोर पाय, कंबर व धड यांतून आणावा लागतो. मनगट आणि बोटांची नाजूक हाडे आघातात येत नसल्याने जबड्यासारख्या कठीण जागी मारूनही हाताला इजा होण्याचा धोका कमी असतो. आडव्या (मावाशी) आणि वर जाणाऱ्या (आगे) प्रकारांत कोपराच्या टोकालगतचा, मनगटाच्या बाजूचा भाग लागतो. मागे (उशिरो) व खाली (ओतोशी) मारताना टोक किंवा त्यामागचा दंडाकडचा भाग वापरतात. कोपराच्या आतल्या बाजूने जाणारी नस आपटली तर हाताला झिणझिण्या येतात, म्हणून नवख्यांना कोन नीट बसेपर्यंत सावकाश सराव देतात. खांदा वर उचलणे ही त्यांची नेहमीची चूक.

कातांमध्ये, म्हणजे एकट्याने करायच्या ठरलेल्या हालचालींच्या क्रमांमध्ये, याचे सर्वांत बोलके रूप नाईहांची शोदानमध्ये आहे. साधक आडवे पाऊल टाकून एक हात बाजूला उघडतो आणि दुसऱ्या हाताचे कोपर त्याच उघड्या तळव्यावर आणून मारतो. वरवर पाहता तळवा हे केवळ निशाण वाटते. बुंकाई म्हणजे काताचा उलगडा करताना मात्र त्या हाताने समोरच्याचे डोके किंवा मान धरून ओढलेली असते, आणि कोपर त्या ओढीला सामोरे जाते. या धरणाऱ्या हाताशिवाय हिजी-आते अर्धीच राहते. धरले नाही तर समोरचा एक पाऊल मागे सरून सहज सुटतो. नाईहांचीला आपल्या कराटेचा पाया मानणारे मोतोबू चोकी (१८७०–१९४४) जवळून लढण्यासाठीच ओळखले जात.

इतोसू आंको (१८३१–१९१५) यांनी शाळकरी मुलांसाठी पिनान काता बसवले. त्यांतल्या चौथ्या आणि पाचव्या कातांतही कोपर तळव्यावर येते. गोजू-र्यू शाखेचे संस्थापक मियागी चोजुन यांनी १९४० च्या सुमारास नवशिक्यांसाठी रचलेल्या गेकिसाई दाई इचीमध्ये समोर मारलेल्या लाथेपाठोपाठ कोपर खालून वर जाते आणि लगेच उलट्या मुठीचा फटका बसतो. सोप्या केलेल्या कातांतूनही हा मारा वगळला गेला नाही, यावरून ओकिनावातील गुरू त्याला किती मूलभूत मानत होते हे दिसते. मागे मारायचे कोपर तर प्रत्येक ठोशात दडलेले असते. दुसरी मूठ कमरेशी ओढण्याच्या क्रियेचा, म्हणजे हिकितेचा, एक अर्थ तोच लावतात.

उएची-र्यू या ओकिनावाच्याच शाखेच्या होजो उन्दो या पूरक व्यायामांत हिजी-त्सुकी हा कोपराच्या माऱ्याचा स्वतंत्र क्रम आहे. गोजू-र्यूमध्ये काकिएचा सराव फार उपयोगी पडतो. दोघे मनगटाला मनगट लावून आळीपाळीने ढकलतात, समोरच्याचा हात किंचित बाजूला गेला की आत शिरायची वाट सापडते. डोळ्यांआधी स्पर्शाने ती ओळखणे हेच शिकायचे असते. प्रत्यक्ष जोर माकीवारावर, म्हणजे दोरी गुंडाळलेल्या लवचिक खांबावर, किंवा पॅडवर लावतात.

जागतिक कराटे महासंघाच्या कुमितेत, म्हणजे दोघांच्या लढतीत, कोपराचा मारा नुसता दाखवण्यासही मनाई आहे. त्यामुळे फक्त स्पर्धेसाठी तयार होणाऱ्या खेळाडूला तो कातापुरताच भेटतो. बंदीचे कारण तंत्रातच आहे. ठोसा कोपराच्या सांध्यात आवरता येतो. इथे कोपरामागोमाग सगळे धड येत असल्याने मारा कमरेतूनच थांबवावा लागतो. जोडीच्या सरावात म्हणूनच चेहरा टाळून छातीसमोर, कमी वेगात आणि शक्यतो पॅड मध्ये ठेवून तो करतात.