चोर सोडून संन्याशाला फाशी

भाड्याच्या एका छोट्या सर्व्हरवर, १ जीबी रॅममध्ये, माझ्या चार वेबसाइट्स आहेत. त्यातल्या वर्डप्रेसवाल्या तिन्ही मध्यंतरी अधूनमधून एकदम मान टाकायच्या. पानावर एकच ओळ: डेटाबेसशी जोडणी होत नाही. डेटाबेस रीस्टार्ट केला की सगळं सुरळीत, आणि चार-पाच दिवसांनी पुन्हा तेच. साहजिकच मी डेटाबेसला शिव्या घालत होतो. शेवटी कर्नलचा, म्हणजे लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टीमच्या गाभ्याचा, लॉग उघडला आणि ओळ सापडली: 'आउट ऑफ मेमरी: किल्ड प्रोसेस', पुढे मारियाडीबीचं, म्हणजे माझ्या डेटाबेसचं, नाव. डेटाबेस मेला नव्हता, त्याला मारलं होतं. मारणारा खुद्द लिनक्स.

अशा वेळी जो तो रॅमचा हिशोब दाखवणारी 'फ्री' ही कमांड देऊन बघतो. मीही दिली. मोकळी रॅम फक्त ६० एमबी! आकडा बघून पोटात गोळा येतो, पण तो रकाना बघायचाच नसतो. लिनक्स रॅम रिकामी पडू देत नाही. डिस्कवरून वाचलेल्या फायली तिच्यात ठेवतो आणि कोणी जागा मागितली की टाकून देतो. बघायचा तो 'अव्हेलेबल' हा रकाना. त्यासाठीचा अंदाज कर्नल २०१४ सालच्या ३.१४ आवृत्तीपासून स्वतःच काढतो. तरीही दर तासाला ही कॅश (रॅममध्ये ठेवलेल्या त्या फायली) पुसून टाकणारी क्रॉनची, म्हणजे ठरल्या वेळी आपोआप कमांड चालवणाऱ्या सोयीची, ओळ लोक मोठ्या श्रद्धेने एकमेकांना देतात. निव्वळ गंडादोरा आहे तो. बांधणाऱ्याला बरं वाटतं, आणि साइटवर येणाऱ्या पुढच्या माणसासाठी त्याच फायली पुन्हा डिस्कवरून ओढाव्या लागतात.

खरी गंमत पुढे आहे. प्रोग्रॅम मेमरी मागतो तेव्हा लिनक्स ती देत नाही, 'दिली' एवढंच म्हणतो.

रॅम ४ केबीच्या पेजेसमध्ये वाटलेली असते. १ जीबीत अशी २,६२,१४४ पेजेस बसतात. मागणी आली की कर्नल आपल्या वहीत तेवढे पत्ते लिहून देतो, पण त्या पत्त्यांवर घर बांधलेलं नसतं. प्रोग्रॅम पहिल्यांदा तिथे काही लिहायला गेला की प्रोसेसर अडखळतो. हा 'पेज फॉल्ट'. मग कर्नल धावत येऊन एक खरं पेज तिथे बसवतो, आणि प्रोग्रॅमला याची कानोकान खबर नसते. हा आळशीपणा नव्हे. ३०० एमबीच्या प्रोसेसने, म्हणजे चालू प्रोग्रॅमने, एखादी बारीकशी कमांड चालवायला स्वतःची प्रत काढली, तर आणखी ३०० एमबी कशाला अडवायची? दोघं तीच पेजेस वापरतात, आणि ज्या पेजवर कोणी लिहील तेवढ्याच पेजची प्रत निघते. म्हणून कर्नल हातात असलेल्या रॅमपेक्षा जास्त मेमरीचे वायदे बिनधास्त करत सुटतो.

पण सगळ्यांनी एकाच वेळी आपापले वायदे वटवायला काढले की पंचाईत. कर्नल आधी कॅश टाकतो, स्वॅप (डिस्कवर रॅमसाठी राखलेली जादा जागा) असेल तर काही पेजेस तिकडे ढकलतो. तेही संपलं की 'नाही' म्हणायची सोय उरलेली नसते, कारण 'हो' कधीच म्हणून झालेलं असतं. प्रोग्रॅम मागणीच्या वेळी नकार ऐकायला तयार असतो; साधं एक अक्षर लिहिताना नकार येईल अशी तजवीज कोणीच केलेली नसते. मग उरतो ओओएम (आउट ऑफ मेमरी) किलर. रॅम आणि स्वॅप मिळून कोण किती जागा अडवून बसलंय यावर तो गुण देतो आणि सर्वाधिक गुणवाल्याला सिग्नल ९, म्हणजे ताबडतोब मरायचा हुकूम, पाठवतो. हा सिग्नल अडवता येत नाही. लॉगच्या त्याच ओळीत दोन आकडे असतात: 'टोटल-व्हीएम' म्हणजे दिलेला शब्द, आणि 'एनॉन-आरएसएस' म्हणजे प्रोग्रॅमने स्वतःच्या डेटासाठी खरोखर अडवलेली रॅम. माझ्याकडे पहिला दुसऱ्याच्या कितीतरी पट होता.

आता माझा खटला. रात्री बॉट्स लॉगिनच्या पानावर तुटून पडायचे, आणि प्रत्येक विनंतीला पीएचपीचा (वर्डप्रेस ज्या भाषेत चालतं तिचा) एक वर्कर, म्हणजे वेगळी प्रोसेस, साधारण ६० एमबीची. वीस वर्कर म्हणजे १,२०० एमबी. पण एकेकटा वर्कर लहानच, सगळ्यात लठ्ठ डेटाबेस. गेला बिचारा. रीस्टार्टने चार दिवस बरं का वाटायचं, तेही इथेच कळतं: ताज्या डेटाबेसने आपल्या १२८ एमबीच्या बफर पूलला (डेटा हाताशी ठेवायच्या जागेला) अजून नीट हात लावलेला नसतो. वायदा तोच असतो, वसुली सुरू व्हायची असते.

उपाय अगदीच शाळकी निघाला. कर्नल, डेटाबेस आणि किरकोळ सेवांचे ४५० एमबी वजा केले, उरलेल्याला ६० ने भागलं, उत्तर नऊ. मी 'मॅक्स चिल्ड्रन', म्हणजे एका वेळी जास्तीत जास्त किती वर्कर, हे सेटिंग आठ ठेवलं. नववा रांगेत थांबतो, मरत कोणी नाही. अपाचे या वेब सर्व्हरच्या जुन्या प्रीफोर्क पद्धतीत (प्रत्येक विनंतीला वेगळी प्रोसेस) ही मर्यादा मुळात २५६ असते. वर्करमागे ५० एमबी धरले तरी साडेबारा जीबी! स्वॅपही १ जीबी दिली, पण ती श्वास घ्यायपुरती. एसएसडी रॅमपेक्षा हजारेक पट हळू, त्यामुळे रोजचा कारभार तिच्यावर गेला की सर्व्हर नुसता पेजेस उचलून ठेवण्यात दमतो.

स्वॅप देण्याआधी एकदा मात्र आगाऊपणा केला होता. वायदेच करू नकोस, असं कर्नलला सांगता येतं: 'ओव्हरकमिट मेमरी' २ वर ठेवायची. ठेवली. स्वॅप नसताना त्याची मर्यादा मूळ सेटिंगनुसार रॅमच्या निम्मी, म्हणजे ५१२ एमबी. तेवढे वायदे आधीच होऊन बसले होते. मी फायलींची यादी दाखवणारं साधं 'एलएस' टाइप केलं आणि शेलने, म्हणजे कमांड्स घेणाऱ्या प्रोग्रॅमने, उत्तर दिलं, मेमरी देता येत नाही. रॅम तेव्हा भरपूर मोकळी होती. नशीब, सेटिंग मागे घ्यायची कमांड शेलच्या पोटातच असते, तिला नवी प्रोसेस लागत नाही.