चेंबर ऑर्केस्ट्राच्या संगीत संचालकपदासाठी अर्ज: पात्रता, कागदपत्रे आणि निवडीचे टप्पे

चेंबर ऑर्केस्ट्रा म्हणजे लहान वाद्यवृंद. त्याची जाहिरात हाती आली की आधी पद नेमके कोणते आहे ते पाहा. प्रमुख कंडक्टर, म्हणजे समोर उभे राहून वाद्यवृंद चालवणारा, मुख्यतः मैफली सांभाळतो. संगीत संचालकाकडे त्याशिवाय बरेच काही येते: हंगामाचे कार्यक्रम आखणे, पाहुणे कलाकार ठरवणे, नव्या वादकांच्या निवडीत बसणे आणि देणगीदारांच्या भेटीगाठी. प्रत्येक चेंबर ऑर्केस्ट्रात हे पद असतेच असेही नाही. न्यूयॉर्कचा ऑर्फियस चेंबर ऑर्केस्ट्रा १९७२ पासून कंडक्टरविना वाजवतो. सेंट पॉल चेंबर ऑर्केस्ट्राने २००४ पासून एका संचालकाऐवजी अनेक कलात्मक भागीदार नेमण्याची पद्धत स्वीकारली.

पात्रता

जाहिरातीत ‘संचलनातील (म्हणजे कंडक्टिंगमधील) पदव्युत्तर पदवी असल्यास प्राधान्य’ असे वाक्य असू शकते, पण पदवीवर सहसा अडत नाही. वयोमर्यादा संचलनाच्या स्पर्धांना असते, या नेमणुकीला शक्यतो नसते. पाहिले जाते ते एवढेच, की व्यावसायिक वादकांसमोर उभे राहून तुम्ही किती काम केले आहे आणि लहान वाद्यवृंदाची नस तुम्हाला सापडली आहे का. साधारण पंधरा ते चाळीस वादकांच्या संचात प्रत्येकाचा सूर वेगळा ऐकू येतो. मोठ्या सिम्फनी ऑर्केस्ट्रात चालून जाणारे ढोबळ हातवारे इथे लगेच उघडे पडतात.

व्हायोलिन किंवा पियानो वाजवता वाजवता संच चालवता येत असेल तर ते अर्जात ठळकपणे लिहा. लंडनचा अकॅडमी ऑफ सेंट मार्टिन इन द फील्ड्स हा चेंबर ऑर्केस्ट्रा असाच घडला. त्याचे संस्थापक नेव्हिल मॅरिनर सुरुवातीला व्हायोलिन हातात घेऊनच नेतृत्व करत. २०११ पासून तिथले संगीत संचालक असलेले जोशुआ बेलही बहुतेकदा पहिल्या व्हायोलिनच्या खुर्चीतूनच संच चालवतात.

कागदपत्रे

बहुतेक ठिकाणी अर्जाचे पत्र, कामाचा तपशील, संचलन केलेल्या रचनांची यादी, नमुना कार्यक्रम, व्हिडिओचे दुवे आणि शिफारस करू शकणाऱ्यांची नावे मागतात. पत्र दोन पानांपुढे नेऊ नका. त्या ऑर्केस्ट्राचे मागचे दोन-तीन हंगाम पाहून, तिथे तुम्ही काय कराल एवढेच लिहा. तेच पत्र नाव बदलून दहा ठिकाणी पाठवले की समितीला ते पहिल्या परिच्छेदातच कळते. रचनांच्या यादीत मैफलीत सादर केलेल्या रचना वेगळ्या ठेवा आणि नुसत्या अभ्यासलेल्या वेगळ्या. यादीभर माहलरच्या, भल्यामोठ्या वाद्यवृंदासाठी लिहिलेल्या सिम्फनी असतील तर इथे त्यांचा फारसा उपयोग नाही.

नमुना कार्यक्रमांवर वेळ खर्च करा, कारण त्यात तुमची आवड दिसते तसा तुमचा व्यवहारही दिसतो. प्रत्येक रचनेपुढे वाद्यसंख्या लिहा. बेथोव्हनची पहिली सिम्फनी २२२२-२२०० (दोन-दोन बासऱ्या, ओबो, क्लॅरिनेट, बसून; दोन-दोन हॉर्न आणि ट्रम्पेट; ट्रॉम्बोन आणि ट्युबा नाहीत) अधिक टिंपनी हे नगारे आणि तंतुवाद्ये, म्हणजे बऱ्याच चेंबर ऑर्केस्ट्रांच्या आवाक्यातली. पाचवीला मात्र पिकोलो (छोटी बासरी), कॉन्ट्राबसून (खर्जातला बसून) आणि तीन ट्रॉम्बोन जादा लागतात, तेही फक्त शेवटच्या भागात. बाहेरून आणलेले हे पाच वादक तीन भाग स्वस्थ बसून राहणार आणि त्यांचे मानधन पूर्ण द्यावे लागणार, हे खजिनदाराला कुणी सांगावे लागत नाही. रिचर्ड स्ट्राउसची ‘मेटामॉर्फोझेन’ २३ स्वतंत्र तंतुवादकांसाठी आहे. संचात तेवढे कायम वादक आहेत का, हे न पाहता ती कार्यक्रमात टाकू नका.

अर्ज टिकतो किंवा बाद होतो तो मुख्यतः व्हिडिओवर. कॅमेरा वादकांच्या बाजूने, तुमचा चेहरा आणि दोन्ही हात दिसतील असा हवा. प्रेक्षागृहातून घेतलेल्या चित्रीकरणात तुमची पाठ तेवढी दिसते. कापाकापी नको. एक संथ भाग, एक जलद भाग आणि तालमीचा सलग तुकडा द्या. माझ्या मते तालमीचा तुकडा मैफलीपेक्षा जास्त बोलतो. चूक ऐकू आल्यावर तुम्ही काय सांगता, किती शब्दांत सांगता आणि त्यानंतर खरोखर फरक पडतो का, हे फक्त तिथेच दिसते. जाहिरातीत मागितला नसेल तरी तो जोडावा. चित्रीकरणाआधी त्या ऑर्केस्ट्राची लेखी परवानगी घ्या, कारण अनेक ठिकाणी वादक संघटनांचे याबाबत नियम असतात.

सध्या दुसरीकडे नोकरीत असाल तर अर्ज गोपनीय राहील का, हे आधीच विचारून घ्या. शिफारस करणाऱ्यांना फोन कधी जाणार, हेही त्यात आले.

निवड कशी होते

निवड समितीत कार्यकारी मंडळाचे सदस्य, वादकांचे प्रतिनिधी आणि व्यवस्थापनातले लोक असतात. अर्जांची छाननी, व्हिडिओ पाहणे, ऑनलाइन मुलाखती असे होत होत मोजकेच उमेदवार उरतात. मग पुढच्या हंगामात, कधी दोन हंगामांत, प्रत्येकाला एकेका मैफलीसाठी बोलावतात. त्यामुळे जाहिरात ते नेमणूक यात दोन वर्षे गेली तरी नवल नाही.

अशा चाचणी मैफलीच्या आठवड्यात मोजक्या तालमी, मैफल, मंडळाची मुलाखत, देणगीदारांबरोबर जेवण, कधी शाळेतल्या मुलांसमोर कार्यक्रम असे सगळे असते. मानधन, प्रवास आणि निवासाचा खर्च कोणाकडे, हे लेखी घ्या. तालीम ठरलेल्या मिनिटाला थांबवा. वेळ उलटली की जादा मोबदला द्यावा लागतो आणि वादकही ते लक्षात ठेवतात. मैफलीनंतर वादकांकडून निनावी अभिप्राय घेतले जातात. मंडळाला उमेदवार कितीही आवडला तरी हे अभिप्राय वाईट आले की त्याला घेणे अवघड होते.

नेमणूक झाल्यावर

पहिला करार बहुधा तीन वर्षांचा असतो. वर्षाला किती आठवडे हजर राहायचे, इतर ऑर्केस्ट्रांची कामे घेता येतील का, वादक निवडताना तुमचे मत निर्णायक की सल्ल्यापुरते, हे मुद्दे सहीआधी स्पष्ट करून घ्या. तुमच्या पहिल्या हंगामातले बरेचसे कार्यक्रम आधीच ठरलेले असतील, तेव्हा त्यात किती बदल करता येतील तेही विचारा.

परदेशात नेमणूक असेल तर व्हिसाचे काम वेगळे. अमेरिकेत असामान्य गुणवत्तेच्या कलाकारांसाठीच्या ओ-१ व्हिसाची याचिका कलाकार स्वतः दाखल करू शकत नाही. ती नेमणारी संस्था किंवा एजंट करतो आणि सोबत वादक संघटनेसारख्या संस्थेचे, कलाकाराबद्दल मत देणारे पत्र जोडावे लागते. पुराव्यासाठी छापील कार्यक्रमपत्रिका, वृत्तपत्रांतली परीक्षणे आणि जुने करार लागतात. ते नाव आणि तारखेसह आतापासूनच फाईलला लावत चला.