रबरी नळी आणि एमजी : ब्रिटिश स्पोर्ट्स कारच्या वेडाची पार्श्वभूमी

एमजी या जुन्या ब्रिटिश स्पोर्ट्स कारचे दोन ‘एसयू’ बनावटीचे कार्बोरेटर (हवा आणि पेट्रोल मिसळून इंजिनाला पुरवणारे भाग) एका सुरात आणायची एक गावठी रीत आहे. हातभर रबरी नळी घ्यायची. एक टोक कानाशी, दुसरं पहिल्या कार्बोरेटरच्या तोंडाशी. इंजिन संथ चालू ठेवलं की हवा आत ओढल्याचा ‘स्स्स’ असा आवाज येतो, तो ध्यानात ठेवायचा. मग नळी दुसऱ्या कार्बोरेटरवर. तिथला आवाज वरचा-खालचा लागला तर स्क्रू किंचित फिरवायचा आणि पुन्हा ऐकायचं. तानपुऱ्यांची जोडी मिळवावी तसलं हे काम. १९५०-६० च्या दशकांत इंग्लंडातली अठरा-वीस वर्षांची पोरं घरासमोर गाडी लावून तासन्‌तास तेच करत बसायची.

मुळात एवढ्या कोवळ्या वयात स्पोर्ट्स कार दारात आलीच कशी? आपल्या डोक्यात स्पोर्ट्स कार म्हणजे बड्या बापाच्या लेकाचा शौक. १९६१ साली जिनिव्हाच्या प्रदर्शनात झळकलेल्या जग्वार ई-टाइपचं पोस्टर भिंतीवर लावावं, एवढीच बहुतेकांची ऐपत होती. पण एमजी, ऑस्टिन-हीली, ट्रायम्फ या वेगळ्या जातीच्या गाड्या. साध्या घरगुती मोटारींचे भाग घेऊन त्यांवर देखणी बॉडी चढवायची, ही त्यांची कुळकथा.

तिची सुरुवात ऑक्सफर्डच्या ‘मॉरिस गॅरेजेस’मध्ये झाली. एमजी ही त्याच नावाची आद्याक्षरं. विल्यम मॉरिस यांच्या या विक्री-दुरुस्तीच्या धंद्याचा कारभार १९२२ मध्ये सेसिल किंबर यांच्याकडे आला. नाकासमोर चालणाऱ्या मॉरिस गाड्यांना त्यांनी रुबाबदार बॉड्या चढवायला घेतल्या. १९२८ मध्ये त्यांनी दाखवलेल्या ‘मिजेट’मध्ये मॉरिस मायनरचं ८४७ सीसीचं इंजिन होतं, बॉडी लाकडी सांगाड्यावर कापड ताणून केलेली आणि किंमत १७५ पौंड. पुढे कारखाना ॲबिंग्डनला गेला आणि शेवटपर्यंत तिथेच राहिला.

महायुद्धानंतर ब्रिटनला डॉलर हवे होते. पोलाद मिळायचं ते निर्यात करणाऱ्या कारखान्याला आधी. १९४५ च्या ‘एमजी टीसी’ या मॉडेलची दहा हजार नगं बनली, त्यातली सुमारे दोन हजार अमेरिकेत गेली, तीही उजव्या हाताच्या स्टिअरिंगसकट. नव्या गाड्या बोटीत चढत असल्यामुळे घरच्या पोरांच्या वाट्याला आली ती युद्धाआधीची, तीन-चार मालकांच्या हातून फिरलेली एमजी. मेकॅनिकला द्यायला पैसे नसत, म्हणून पाना स्वतःच धरावा लागे. माझ्या मते या वेडाचं मूळ वेगात कमी आणि या टंचाईत जास्त आहे. या गाड्या वेगवान तरी कुठे होत्या? टीसीच्या इंजिनाची ताकद जेमतेम ५४ अश्वशक्ती!

१९५८ मध्ये आलेली ऑस्टिन-हीली स्प्राइट हा काटकसरीचा कळस म्हणावा लागेल. ९४८ सीसीचं इंजिन आणि पुढचं सस्पेन्शन ऑस्टिन ए-३५ चं, स्टिअरिंग मॉरिस मायनरचं. दिवे बॉनेटमध्ये मिटणारे करायचे घाटत होते, खर्च वाढेल म्हणून ते उघडेच ठेवले आणि गाडीला ‘बेडूकडोळी’ हे नाव पडलं. दाराला बाहेरून कडी नाही. डिकीला झाकणच नाही, सामान काढायचं तर सीटची पाठ पुढे पाडून मागच्या अंधारात अर्धं शरीर घालायचं. करासकट किंमत ६६९ पौंड.

सुट्या भागांच्या या नात्यागोत्याचा एक धागा थेट आपल्यापर्यंत येतो. १९५५ च्या एमजीए या नखरेल गाडीत बीएमसीचं, म्हणजे ऑस्टिन आणि मॉरिस एकत्र आलेल्या ‘ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशन’चं, १४८९ सीसी ‘बी-सिरीज’ इंजिन होतं. सरकारी साहेबांना वर्षानुवर्षं ओढणाऱ्या आपल्या ॲम्बेसेडरमध्येही तेच. एमजीएत कार्बोरेटर दोन आणि अंगावर वजन कमी, एवढ्यावर सगळा तोरा. १९६२ ची ट्रायम्फ स्पिटफायर तर ट्रायम्फच्याच हेराल्ड या घरगुती गाडीच्या चासीवर (खालच्या सांगाड्यावर) उभी होती, आणि हेराल्ड मद्रासला ‘स्टँडर्ड’च्या कारखान्यात बनत असे. मडगार्डांसकट अख्खं बॉनेट पुढे कलंडणारी ती गाडी पाहिलेले लोक आपल्याकडे अजून सापडतील. बॉनेट तसं उघडलं की इंजिन तिन्ही बाजूंनी मोकळं. पुढच्या चाकावर बूड टेकून काम करता यायचं.

१९६० मध्ये ब्रिटनने दहा वर्षांवरच्या गाड्यांना ब्रेक, दिवे, स्टिअरिंगची सक्तीची तपासणी लावली, ती ‘एमओटी’. खिळखिळ्या झालेल्या कितीतरी गाड्या त्यात भंगारात गेल्या.

या गाड्यांच्या शेवटाला कारणीभूत झाली तीच अमेरिका. १९६२ च्या एमजीबीची पाच लाखांवर नगं बनली, त्यातली बरीचशी तिकडेच खपली. मग तिथले सुरक्षेचे आणि धुराचे नियम कडक झाले. १९७४ पासून एमजीबीला काळे रबरी बंपर आले आणि गाडी इंच-दीड इंच वर उचलली गेली. वळणावर ती झुलू लागली. दरम्यान १९६८ पासून हे सगळे ब्रँड ब्रिटिश लेलँडच्या एकाच छपराखाली होते, नव्या मॉडेलवर घालायला पैसा नव्हता. १९८० च्या ऑक्टोबरात ॲबिंग्डनला कुलूप लागलं. स्पिटफायरही त्याच वर्षी थांबली.

राहिलेल्या गाड्यांचा खरा वैरी गंज. एमजीबीला वेगळी चासी नाही, बॉडीच सगळा भार पेलते. दाराखालची सिल, म्हणजे उंबऱ्यासारखी आडवी पट्टी, कुजली की गाडी मधून वाकते. १९८८ मध्ये ‘ब्रिटिश मोटर हेरिटेज’ने जुन्याच साच्यांवर एमजीबीच्या कोऱ्या बॉड्या ठोकायला घेतल्या, त्यामुळे कुजलेल्या गाडीचं इंजिन, चाकं, सीटा उचलून नव्या बॉडीत बसवता येऊ लागलं. २०१८ पासून तर, मोठे फेरफार केलेले नसतील तर, चाळिशी ओलांडलेल्या गाड्यांना एमओटीही माफ आहे. म्हणजे सिलला बोटाने दाबून पाहायचं काम पुन्हा मालकाकडेच आलं, आणि तो मालक आता बहुधा सत्तरीच्या पुढचा असतो.